शुक्रवारच्या बोटीचे निरोप

दुबईत पेपरचं काम करते म्हटलं की लोक जरा सावरून बसतात. त्यांना वाटतं, बाई वार्ताहर असणार, मोठ्या माणसांत ऊठबस असणार. मग मी सांगते की मी पानं लावते, आणि तीही इथल्या पेपरची नाहीत, पॅसिफिक महासागरातल्या एका एवढ्याशा देशाच्या साप्ताहिकाची. त्यानंतर बहुतेक जण चहाकडे वळतात. मला त्याचा राग येतो. राग मला तसाही लवकर येतो, आमच्या घरात ही बातमी जुनी आहे.

त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. नकाशावर तो शोधायचा तर चष्मा लागतो. एक मोठं बेट, तिथे सरकार, कोर्ट, हॉस्पिटल आणि धक्का. आणि दूरदूर पसरलेली लहान बेटं, जिथे शाळा आणि नारळ. तिथे पेपर एकच असा होता की जो सरकारच्या पैशावर चालत नव्हता. तो एक बाई चालवायची. आधी ती शाळेत शिकवायची, मग नोकरी सोडून तिने हार्डवेअरच्या दुकानामागे दोन खोल्या घेतल्या आणि पेपर काढला. पानं लावणारं माणूस तिकडे मिळेना, म्हणून मजकूर ईमेलने जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात यायचा. मी पानं जुळवायची, परत पाठवायची, आणि छपाई तिकडे व्हायची. आमचं ऑफिस सुपरमार्केटची ऑफरपत्रकं, शाळांची मासिकं असली कामं घ्यायचं. त्यात हा एकच खराखुरा पेपर, आणि तो माझ्याकडे होता.

हे काम मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या साप्ताहिकात शिकले. तिथे बातम्या कमी आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा जास्त. पुढाऱ्यांचे फोटो गोल कापून कापून माझा हात बसला. लग्नानंतर दुबईला आले, अल कुसैसला घर केलं, मुलगी झाली, आणि कापाकापी चालूच राहिली. त्यामुळे संपादकबाईंचा पेपर हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण लावलेलं पान कोणीतरी खरोखर वाचतं.

सगळ्यात जास्त वाचलं जायचं ते शेवटचं पान. त्यावर खाली भरती-ओहोटीचा तक्ता आणि वर निरोप. लहान बेटांवर फोनला रेंज मिळायची ती फक्त शाळेच्या टेकडीवर, तीही मनात आलं तर. म्हणून मोठ्या बेटावरची माणसं दुकानामागच्या खोलीत येऊन निरोप देऊन जायची. बाळ झालं, मुलगी आहे. छपराचे पत्रे मिळाले, आठवड्याने आणतो. आजीचे टाके काढले, बोट पाठवा. छापील पेपर बेटांवर पोचायला वेळ लागायचा, पण हे शेवटचं पान बुधवारी संध्याकाळीच फोनवरून प्रत्येक शाळेत जायचं. मास्तर ते छापून धक्क्यावरच्या शेडमध्ये चिकटवायचे आणि कोणीतरी मोठ्याने वाचायचं. ज्याचा निरोप तोच ऐकतो असं नाही, सगळं बेट सगळ्यांचे निरोप ऐकायचं. छापण्याचा नियम एकच होता. निरोप ज्या क्रमाने येईल त्या क्रमाने लावायचा. कोणाचा वर नाही, कोणाचा खाली नाही. जागा संपली तर उरलेले पुढच्या आठवड्यात.

मला हे पान लावायला फार आवडायचं. माझे अब्बा खाडीत लाँच चालवायचे. लाँचवर चढणाऱ्या प्रत्येकाजवळ कोणाचा तरी निरोप असायचाच, आणि अब्बा तो पलीकडच्या काठावर बिनचूक पोचवायचे. ऑफिसात बसून मी तेच करत होते, फक्त माझी खाडी जरा रुंद होती.

त्या वर्षी एक निरोप मी पुन्हा पुन्हा लावत होते. हॉस्पिटलमधली नर्स तो द्यायची. लांबच्या एका बेटावरच्या आईसाठी. मुलगा मासेमारी करणारा, चांगला जाणता बाप्या, मूत्रपिंडं निकामी होऊन पडला होता. आधी निरोप यायचे, मुलगा बरा आहे, काळजी नको. मग, मुलगा जेवत नाही. मग, मुलगा तुझी आठवण काढतो. आईकडून एकदा उलटा निरोप आला होता, डुकरं कोणाच्या तरी ताब्यात देते आणि येते. मी आमच्या घरी जेवताना हे सांगितलं तर डुकराचं नाव काढल्याबद्दल नवरा हसला आणि म्हणाला, निदान जेवताना तरी तुझं बेट बाजूला ठेव.

आणि मग बोटीचं प्रकरण सुरू झालं. लहान बेटांना जोडणारी बोट एकच. ती दर पंधरा दिवसांनी फिरायची, शुक्रवारी पहाटे शेवटच्या बेटावरून निघून संध्याकाळी मोठ्या बेटाला लागायची. संपादकबाईंना बोटीवरच्याच कोणीतरी फोटो दिले. तळाचा पत्रा गंजून खाल्लेला आणि आतून त्यावर सिमेंट थापलेलं. तेही तडकलेलं. बाईंनी ती बातमी फोटोसकट छापली, पहिलं पान मीच लावलं. बोटीचा मालक वजनदार माणूस. तो कोर्टात गेला आणि आदेश घेऊन आला, सुनावणी होईपर्यंत पेपरने ह्या बोटीबद्दल एक अक्षर छापायचं नाही. बोट तशीच फिरत राहिली.

बाई व्हिडिओ कॉलवर एरवी गडगडाटी हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी लहान बेटांवरून सणासाठी माणसं येणार, बोट गच्च भरणार, आणि आपण गप्प बसायचं, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, मग काय करणार? त्या म्हणाल्या, कोर्टाचं ऐकणार, दुसरं काय.

बुधवारी सकाळी मी ऑफिसात पोचले तेव्हा शेवटच्या पानाचा मजकूर आलेला होता. त्यांचं घड्याळ आमच्या आठ तास पुढे, म्हणून त्यांची संध्याकाळ म्हणजे माझी दुपार. आमच्या बारापर्यंत पान गेलं नाही तर मास्तर घरी जाणार आणि शाळेला कुलूप. मी करक, म्हणजे इथला उकळून दाट केलेला चहा घेऊन निरोप लावायला बसले. पहिला होता, आई, शुक्रवारी येऊ नकोस, पुढच्या वेळी ये. दुसरा, दादा, पोरांना शुक्रवारी पाठवू नकोस. तिसरा, मामी, सण तिकडेच करा, शुक्रवारी नको. मी खाली खाली जात राहिले. लग्न पुढे ढकललंय, शुक्रवारी येऊ नका. मला बरं आहे, शुक्रवारी येऊ नकोस. एरवी असतात त्याच्या दुपटीहून जास्त निरोप होते आणि सगळ्यांत तेच. बोटीचं नाव कुठे नाही, सिमेंटचं नाही, मालकाचं नाही.

मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या की त्यांनी कोणालाही काही सांगितलेलं नाही, लोक सकाळपासून रांग लावून येताहेत. कोर्टाने पेपरला बोलायची बंदी केली आहे, लेकीने आईशी बोलायची नाही.

आणि अगदी तळाला, शेवटचा निरोप नर्सचा होता. मुलगा वाट बघतो आहे, आता फार दिवस नाहीत, शुक्रवारच्या बोटीने ये.

मी तो दोनदा वाचला. मग जागा मोजली. पान भरलं होतं. नियमाप्रमाणे शेवटचा निरोप पुढच्या आठवड्यात जाणार होता.

एवढ्यात आमचे मालक आले. कोल्हापूरकडचे, मोठ्या भावाचा कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा, ह्यांनी आपलं वेगळं ऑफिस थाटलेलं. माणूस वाईट नाही, पण घाबरट, आणि घाबरला की इंग्रजी वाढतं. बोटमालकाच्या वकिलाचं पत्र त्यांना ईमेलवर आलं होतं. छापायला मदत करणाऱ्या परदेशी कंपनीवरही दावा लावू, अशी धमकी होती.

"ताई, आपलं लायसन्स डिझाइनचं आहे, मीडियाचं नाही," ते म्हणाले. "उद्या इथे कोणी विचारलं तर काय सांगू मी? एवढ्या लोकांचे व्हिसा आहेत माझ्यावर. हे पॉलिटिक्स आपल्याला नको. खलास. त्यांना मेल टाका, ह्या आठवड्याचा इश्यू होणार नाही."

व्हिसा हा शब्द त्यांनी मुद्दाम काढला असं नाही, पण मला तो बरोबर लागला. नवऱ्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वी सुटली होती. तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतींना जायचा आणि तोंड बंद करून परत यायचा. मुलगी आणि तो, दोघंही माझ्या व्हिसावर. माझी नोकरी गेली तर आम्ही तिघं बॅगा भरून रत्नागिरीला. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि तरी मला त्या माणसाचा एवढा राग आला की मी खुर्चीतून उठलेच नाही, उठले असते तर काहीतरी बोलून बसले असते.

मी म्हटलं, बाकी पानं नका करू. शेवटचं तेवढं जाऊ दे. त्यात बातमी नाही, तुम्हीच वाचा. ते माझ्या खांद्यावरून वाकून वाचायला लागले. आधी भराभर, मग हळू. घड्याळ साडेअकराच्या पुढे गेलं होतं आणि ते वाचतच होते.

"ह्यात बोटीचं नाव कुठे आहे?"

"कुठेच नाही सर. घरची माणसं घरच्यांना सांगतायत. आपल्याकडे नाही का सांगत, पाऊस फार आहे, घाटातून येऊ नका म्हणून?"

ते सरळ झाले. चष्मा पुसला. मला वाटलं, आता कॉम्प्युटर बंद करायला सांगतात. ते म्हणाले, "मी एक वाजेपर्यंत क्लायंटकडे आहे. मी हे काही वाचलेलं नाही. आणि ताई, ह्या महिन्यानंतर हे काम आपल्याकडे नको." आणि खरंच लिफ्टकडे निघून गेले. क्लायंट वगैरे कोणी नव्हतं, खाली कॅफेटेरियात एकटे बसले असतील. त्या माणसाला भित्रा म्हणावं की काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्याकडे वीसेक मिनिटं उरली. मी बाईंना पुन्हा फोन केला आणि नर्सच्या निरोपाचं विचारलं. जागा नाही म्हणून तो राहू दे, असं त्यांनी म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. म्हणजे निर्णय नियमाने केला असता आणि मी सुटले असते. बाई म्हणाल्या, पान तुझ्यासमोर आहे, बसत असेल तर बसव, मी त्या मुलाला काल भेटून आले आहे, मला विचारू नकोस.

बसव म्हणजे काय? मी तो लावला तर एका बाईला गंजलेल्या बोटीवर बोलावते आहे. नाही लावला तर मरणाऱ्या माणसाची हाक माझ्या टेबलावर अडवून ठेवते आहे. अब्बांना असं कधी करावं लागलं असेल का, माहीत नाही. ते निरोप नेत, निवडत नसत. भरतीचा तक्ता कापला तर जागा होत होती, पण त्या तक्त्यावर लोकांच्या होड्या निघतात, त्याला मी हात लावणार नव्हते. मी वरचं पेपरचं नाव अर्ध्या उंचीचं केलं, सगळ्या निरोपांची अक्षरं एका आकड्याने लहान केली, ओळींमधलं अंतर आवळलं. नर्सचा निरोप तक्त्याच्या डोक्यावर येऊन बसला. मी पान पाठवलं.

त्या रात्री जेवताना मी घरात सगळं सांगितलं, कारण नोकरीवर आलं असतं तर त्यांना आधी कळायला हवं होतं. नवरा एवढंच म्हणाला, पाठवलंस ना, आता बघू, इन्शाल्ला काही होणार नाही. कोणाला होणार नाही, बोटीला की आम्हाला, ते मी विचारलं नाही. मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "ममा, इट्स नॉट इव्हन अवर कंट्री." मी तिच्यावर ओरडले. वास्तविक तिचं काही चुकलं नव्हतं, आमची कंट्री कुठली हे ह्या शहरात तिला सांगणार कोण? पण ओरडले, आणि मग तिच्या ताटात माशाची तुकडी जास्तीची वाढली.

गुरुवार कसाबसा गेला. आईचं काय झालं, ती निघाली का, ते कळायला मार्ग नव्हता. बाईंनाही माहीत नव्हतं. शुक्रवारी बोट निघाली तेव्हा दुबईत अजून गुरुवारच होता, आणि ती पोचायची वेळ म्हणजे आमची सकाळ. शुक्रवारी आमचं ऑफिस अर्धा दिवस असतं, ते घरूनच करायचं होतं. मी लॅपटॉप उघडून ऑफरपत्रकात तांदळाच्या गोण्या लावत होते आणि फोन उलटा ठेवत होते, मग सरळ करत होते. डोळ्यांसमोर एक म्हातारी यायची. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तिला आमच्या अम्मीचा चेहरा लागला होता. मांडीवर बोचकं घेऊन ती डेकवर बसलेली आणि खाली सिमेंट. मी दुआ मागितली, पण काय मागावं तेही नीट सुचेना. बोट बुडू नये, हे मागितलं. ती बोटीत नसावी, हेही मागितलं. मग वाटलं, नसेल तर तो मुलगा? दोन्ही एकदम कसं मागणार?

नवरा जुम्म्याच्या नमाजाला निघत होता तेव्हा फोन वाजला. बाईंचा मेसेज होता. बोट लागली, सगळे सुखरूप. सोबत फोटो, धक्क्याला टेकलेली ती पांढरी बोट, डेक जवळजवळ रिकामा. खलाशी आणि माल, बाकी मोजकी माणसं.

मी तिथेच बसून रडले. आनंदच होता तो. पण त्याच्या मागोमाग लाजही आली, कारण आता लोक म्हणणार, बघा, काही झालं नाही, पेपरने उगीच घाबरवलं. तसं म्हणालेही. त्या बोटीचा तळ पुढे काही महिन्यांनी गुपचूप कापून नवा घातला गेला, तेव्हा कोणी काही म्हणालं नाही. पण ते पुढचं. त्या दिवशी मी बाईंना एकच प्रश्न टाइप केला, ती उतरली का?

उत्तर आलं, नाही. ती धक्क्यापर्यंत आली होती म्हणे, बोचकं घेऊन. बोट सुटायच्या आधी शेडमध्ये पान पुन्हा वाचलं जात होतं. एकेक निरोप ऐकत ती उभी राहिली. शेवटी तिचा आला तेव्हा तिने पाय उचलला, तर शेजारणींनी तिचे हात धरले. एवढी माणसं नको म्हणतात, तू एकटी कुठे जातेस. तिला त्यांनी घरी नेलं.

रविवारी मुलगा गेला.

मी कोणावर रागवायचं होतं? बोटमालकावर, ते तर होतंच. पण त्या शेजारणींवरही मला राग आला, आणि निरोप देणाऱ्या त्या सगळ्या लेकींवर, भाच्यांवर, ज्यांनी खरं तेच सांगितलं होतं. आणि माझ्या पानावर. इतकं चांगलं पान मी आयुष्यात लावलं नव्हतं. ते प्रत्येक शब्द वाचता येईल असं होतं, आणि म्हणून ते तिला शेवटपर्यंत ऐकू आलं.

पुढच्या बुधवारी निरोप थोडेच होते. पत्रे, औषधं, कोणाची तरी परीक्षा. त्यांत एक त्या बेटावरून आला होता, शनिवारी टेकडीवर जाऊन आईने पाठवलेला, मुलगा गेल्याचं तिला कळण्याच्या आधीचा. हॉस्पिटलमधल्या माझ्या मुलासाठी. निघाले होते, लोकांनी अडवलं. पुढच्या बोटीने नक्की येते. थांब.

मी तो लावलाच नाही. थेट बाईंना फोन केला आणि म्हटलं, हा चुकून राहिलाय, काढून टाकते. बाई म्हणाल्या, चुकून नाही. सोमवारी त्यांचं तिच्याशी बोलणं झालं होतं. मुलगा गेल्याचं तिला सांगून झालं होतं, आणि हा निरोप मागे घ्यायचा का, हेही त्यांनी तिला विचारलं होतं.

"मग काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, त्याने बोलावलं होतं, उत्तर तर जायला हवं."